व्हॉल्व्हच्या रेडिओची दुरुस्ती म्हणून १५,६०० रुपयांना गंडवलं. जुना रेडिओ घरात असेल तर वाचा

आकडा आधी सांगतो: १५,६०० रुपये. शिवाय रेडिओ गेला तो वेगळाच. खोकं आहे घरात, पोटातलं सगळं गेलं. आणि हे घडलं कुणाच्या बाबतीत? जन्मभर सहकारी बँकेत कॅशियर म्हणून बसलेल्या, उजेडात धरल्याशिवाय एक नोट गल्ल्यात न टाकणाऱ्या माणसाच्या. हे वाक्य घरात रोज ऐकतोय, म्हणून स्वतःच लिहून मोकळा होतो.

रेडिओ फिलिप्सचा. लाकडी, सहा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीचे, दिव्यासारखे तापणारे काचेचे भाग), हिरव्या डोळ्याचा, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही दाखवणाऱ्या हिरव्या दिव्याचा. वडिलांनी १९६२ साली कापसाची पट्टी हातात आल्यावर हैदराबादच्या सुलतान बाजारातून घेतला आणि काचीगुड्याहून मीटर गेजच्या गाडीनं मांडीवर ठेवून परभणीला आणला. त्याचं पोस्टाचं लायसन्सचं पुस्तकही जपून ठेवलंय. त्यावर रेडिओ सिलोन लागायचं, पुढं परभणी केंद्र, १३०५ किलोहर्ट्‌झ. माळ्यावर जाईपर्यंत तो लागत होता, हे नीट ध्यानात घ्या. फक्त मागं सतत घूं घूं यायचं आणि निवेदक खोल विहिरीतून बोलल्यासारखा वाटायचा. जाणकार इथंच ओळखतील: फिल्टर कंडेन्सर (विजेतली घरघर गाळणारा भाग) सुकला की व्हॉल्व्हचा सेट असाच घुमतो. किरकोळ काम. मला ते कुणी सांगितलं नाही, आणि ज्याला कळत होतं त्यानं मुद्दाम सांगितलं नाही.

मेकॅनिक साडूच्या ओळखीतून मिळाला. शहराचं आणि त्याचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. दुकानात भिंतभर मर्फी, बुश, एचएमव्ही मांडलेले. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "सर, आयएफटीला अजून कुणाचा हात लागलेला नाही. गँग तर बघा, नवा कोरा. असा सेट आता बघायला मिळत नाही." (आयएफटी म्हणजे सिग्नल गाळणाऱ्या छोट्या कॉइली, गँग म्हणजे स्टेशन बदलणारा पत्र्यांचा कंडेन्सर.) मी फुशारलो. आता कळतं, तो माझ्या रेडिओचं कौतुक करत नव्हता, मालाची पाहणी करत होता.

मग त्यानं प्लग थेट बोर्डात घातला. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट कधीही असा थेट लावू देऊ नका. शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडून लावतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि सेट वाचतो. ज्याच्या टेबलावर सिरीज बल्ब नाही त्याच्या दुकानातून उलट्या पावली फिरा. क्षणात जळका वास आला. "आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला सर. पण टेन्शन नका घेऊ." म्हणजे स्पीकरला आवाज पोचवणारा भाग.

पैसे असे गेले. ॲडव्हान्स ३,०००. मग व्हॉट्सॲपवर निरोप: ईसीएच ८१ आणि ईएल ८४ हे व्हॉल्व्ह दोन्ही गेलेत, रशियन माल मुंबईहून येईल, ६,४००. मग ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंग २,२००. कॅबिनेटचं पॉलिश २,५००. नेताना वर मजुरी १,५००. क्यूआर कोड प्रत्येक वेळी दुसऱ्याच नावाचा, "मेव्हण्याचं खातं आहे सर, माझं बँकेत अडकलंय." पावती मागितली तर कॅलेंडरच्या पानामागं 'रेडिओ १ नग' असं लिहून दिलं. १ नग! बँकेत सोन्याचा दागिना तारण घेताना आम्ही त्यातला मणी न् मणी लिहून घ्यायचो. पण प्रत्येक रकमेआधी काहीतरी फोटो यायचा, टेबलावर उघडी चासी (आतला सांगाडा), हातात व्हॉल्व्ह. असे फोटो बघून तुम्हीही पाठवले असते. एकदम पंधरा हजार मागितले असते तर मी दारातूनच परतलो असतो.

आता रेडिओ तयार झाला म्हणून त्यानं पाठवलेला व्हिडिओ. हा भाग लिहितानाही अंगाचा तिळपापड होतो.

बोट बटणावर येतं. टक्. आणि त्याच क्षणी लख्ख आवाज, किशोरकुमार. मी खूश. फॅमिली ग्रुपवर टाकला, बदाम आले, पुतण्या म्हणाला, "काका, भारीच!" अहो, व्हॉल्व्हचा रेडिओ टक् केल्याबरोबर बोलत नाही हो! आतला फिलामेंट तापून कॅथोड गरम झाल्याशिवाय इलेक्ट्रॉन निघत नाहीत. पंधरा-वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट तो नुसता बसून राहतो, मग आवाज हळूहळू चढतो. हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. वडील बटण फिरवून चहा आणायला आत जायचे, कप घेऊन बाहेर येईपर्यंत बातम्या सुरू झालेल्या असायच्या. लहानपणभर पाहिलेली गोष्ट, आणि व्हिडिओत तीच नाही हे डोळ्यांपुढून गेलं. आठ सेकंदांचा व्हिडिओ होता. खरा रेडिओ आठ सेकंदांत तोंडसुद्धा उघडत नाही.

एकट्या आत्याला खटकलं. ऐंशी पार केलेली बाई, फोन कानाला लावून म्हणाली, "इतक्या लवकर कसा बोलला रे हा?" मी काय उत्तर दिलं? "आत्या, नवे व्हॉल्व्ह आहेत." हे उत्तर माझं नव्हतं. त्यानंच आधी पढवून ठेवलं होतं की रशियन व्हॉल्व्ह लगेच तापतात. धादांत खोटं. रशियन असो, हॉलंडचा असो, तापायला वेळ घेणारच.

आणायला गेलो तर खोकं हलकं लागलं. जाताना एसटीत मांडी आखडली होती, येताना एका हातात धरून बसलो. विचारलं तर म्हणाला, "जुनं लोखंड काढून टाकलं सर, आता कमी करंटवर चालतो." ते लोखंड म्हणजे मेन ट्रान्सफॉर्मर. सेटमधला सगळ्यात जड ऐवज. घरी लावला तर एफएम लागलं, जे त्या सेटमध्ये कधी नव्हतंच. त्याला विचारलं तर म्हणाला, "एफएम माझ्याकडून फुकट बसवून दिलं." काटा कोलंबोवर नेला तरी तेच गाणं, दिल्लीवर नेला तरी तेच. "काटा फिरवणारी दोरी नवी आहे सर, महिनाभर हात लावू नका, सेट होईल." प्रत्येक शंकेला उत्तर तयार. असा माणूस भेटला तर शंका तुमचीच खरी समजा.

पितळ उघडं पडलं ते चाचांमुळं. आमच्याकडच्या आठवडी बाजारात पूर्वी रेडिओ दुरुस्तीला बसायचे, आता नजर कमी झालीय. आले, रेडिओ चालू केला, काही न बोलता तळहात खोक्यावर ठेवला. गाणं चालू, हात तसाच. लाकूड गारच. मग खोलीतली एलईडी ट्यूब चालू-बंद करायला सांगितली. रेडिओत खरखर नाही, काही नाही. मिडियम वेव्हचा सेट अशा ट्यूबजवळ बोंबलल्याशिवाय राहत नाही. "सर, इसमें जान नईं है," चाचा म्हणाले.

झाकण काढलं. व्हॉल्व्ह होते, सहाच्या सहा. पण सॉकेटवर ग्लू गननं चिकटवलेले, आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक नारिंगी एलईडी, फिलामेंट पेटल्यासारखी दिसावी म्हणून. दोन व्हॉल्व्हच्या डोक्यातला आरशासारखा चंदेरी डाग दुधी पांढरा पडलेला, म्हणजे आत हवा शिरून केव्हाच मेलेले, कुणाच्या तरी भंगारातले. काचेवरचे नंबर पुसलेले. हिरवा डोळा म्हणजे हिरव्या प्लास्टिकच्या फूटपट्टीचा कापलेला तुकडा, मागं दिवा. मेन ट्रान्सफॉर्मरच्या जागी धुळीत स्वच्छ चौकोन आणि स्क्रूची चार भोकं. गँग नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या रिवाइंडिंगचे २,२०० मोजले, तोही नाही. स्पीकर टीव्हीचा. आणि कोपऱ्यात तळहाताएवढं ब्लूटूथ-एफएमचं सर्किट, मोबाईलच्या चार्जरवर चालणारं. बाजारात तीन-चारशेला मिळतं.

लोक विचारतात, एवढ्या जुन्या सामानाला कोण विचारतो? विचारतात. ईएल ८४ आजही गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये लागतो, जुन्या चांगल्या कंपनीचा असेल तर शौकीन शोधत फिरतात. हात न लागलेली गँग, आयएफटी, अस्सल स्पीकर, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. म्हणजे त्यानं माझ्याकडून १५,६०० घेऊन माझाच माल काढून घेतला. चोरसुद्धा चोरीची मजुरी घेत नाही.

फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, वाजतोय ना? वाजतोय तर फसवणूक कसली?" आणि नंबर ब्लॉक.

हेच वाक्य पुढं सरकारी माणसांच्या तोंडून ऐकायचं होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "काका, वाजतोय ना मग? आणि मोबाईलमध्ये फुकट लागतोय की रेडिओ." मालकीचा पुरावा मागितला. पोस्टाचे शिक्के असलेलं लायसन्सचं पुस्तक पुढं केलं, तर दोघांनी मिळून चाळलं आणि हे कशाचं पासबुक म्हणून मलाच विचारलं. साहेबांनी किंमत विचारली, "भंगारात किती येतील?" मग निर्णय: घटना त्या शहरात घडली, तिथं जा. तिथं गेलो. तिथले म्हणाले, पैसे तुम्ही घरून पाठवले, तुमच्या ठाण्यात जा. झीरो एफआयआर नावाची गोष्ट कायद्यात आहे हो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. मी कागद काढून दाखवला. "कायदा आम्हाला शिकवू नका." दुरुस्तीला सोपवलेली वस्तू लबाडीनं गिळंकृत करणं हा भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ खाली विश्वासघात, आणि फसवणूक ३१८ खाली. नाही, हे दिवाणी आहे म्हणे. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तर पैसे तुम्ही स्वखुशीनं पाठवले, ओटीपी कुणाला दिला का? नाही दिला. मग सायबर नाही. म्हणजे ओटीपी देऊन फसलो असतो तर माझी दखल घेतली असती! पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टानं अर्ज केला. उत्तर आलं, कौतुक आहे, आलं. माझा अर्ज "योग्य त्या कार्यवाहीसाठी" त्याच ठाण्याकडे पाठवला होता, जिथं मला पासबुक विचारलं होतं.

ग्राहक आयोगाचा रस्ता त्यातल्या त्यात चालण्याजोगा आहे. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या शहरात खेटे घालायची गरज नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. पण तिथंही बाबू आहेतच: प्रती कमी, शपथपत्रावर अमुक नाही, तमुक नाही. नोटीस गेली ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. वकील म्हणतात, नकार म्हणजे मिळालीच धरतात. बघू.

तुमच्या माळ्यावर असा सेट असेल तर देण्याआधी झाकण उघडून आतले फोटो काढा, प्रत्येक व्हॉल्व्हचा नंबर वाचता येईल असे. (प्लग काढून, आणि काढल्यावरही आत बोट घालू नका, कंडेन्सरमध्ये करंट धरून राहतो.) ट्रान्सफॉर्मरवर, स्पीकरवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. पावतीवर नंबरासकट व्हॉल्व्ह लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा, जळका असला तरी. "फेकून दिला" म्हणाला तर समजा विकला. दुसऱ्याच्या नावाच्या क्यूआरवर एक रुपया टाकू नका, मी बँकेतला असून टाकला. आणि साधी घुमघुम असेल तर आधी फिल्टर कंडेन्सर आणि मेणकागदाचे जुने पेपर कंडेन्सर तपासायला सांगा. चाचांच्या हिशेबानं त्या सगळ्याचं सामान पाचशेच्या आत येतं.

परवा साडूच्या फोनवर त्या माणसाचं स्टेटस पाहिलं. कुणाचातरी मर्फी, पॉलिश चकचकीत. बोट बटणावर. टक्, आणि लगेच गाणं. ज्यांचा कुणाचा तो सेट आहे त्यांनी पॉलिशचे पैसे देण्याआधी मला गाठा. आयोगासमोर दुसरा तक्रारदार उभा राहिला तर वकील म्हणतात केस वेगळीच होईल.