होमस्टे चालवणाऱ्यांनी कोचिंग घ्यावं का? माझा अनुभव, सविस्तर

आमचा दापोली तालुक्यात समुद्राजवळ होमस्टे आहे, पाच खोल्या, मागे नारळ-सुपारीची वाडी, जेवण घरचंच. गेल्या पावसाळ्यात मी वन टू वन कोचिंगचं पॅकेज घेतलं, सगळं ऑनलाइन, कोच मॅडम पुण्याच्या, तासाला अडीच हजार फी. बऱ्याच जणी विचारतायत की ते नक्की असतं काय आणि पैसे वसूल होतात का, म्हणून लिहायला बसले. मॅडमना विचारलेलं नाही त्यामुळे त्यांचं नाव टाकत नाही.

आधी हे डोक्यातनं काढा की कोचिंग म्हणजे मोटिवेशनल सेमिनार. तसला एक सेमिनार मी बचत गटाच्या बायकांसोबत अटेंड केलाय, मोठ्ठा आवाज, टाळ्या, सगळ्यांना उभं करून ओरडायला लावलं आणि शेवटी महागडा कोर्स, आजच पैसे भरले तर अर्ध्या किमतीत. घरी आल्यावर त्यातलं काहीही उपयोगाला आलं नाही.

इथे पहिला कॉल फुकट होता आणि त्यातच मॅडमनी स्पष्ट सांगितलं, मी सल्ला देणार नाही, प्रश्न विचारणार, उत्तर तुम्ही शोधायचं, आणि तुम्ही बोलाल ते माझ्याकडेच राहील. मग पैसे कशाचे घेता असं मी तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचा होमस्टे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. खरंच आहे ते, पुण्यात बसून त्यांना काय कळणार की जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा पाहुण्यांना ताटात काय वाढायचं!

नंतर मी यावर बरंच वाचलं. सत्तरच्या दशकात टिमोथी गॅलवे नावाच्या अमेरिकन टेनिस कोचच्या लक्षात आलं की सारख्या सूचना दिल्या की खेळाडू जास्तच गडबडतो, त्यापेक्षा बॉल कसा येतोय ते त्यालाच बघायला लावलं तर तो आपोआप सुधारतो. इंग्लंडचे जॉन व्हिटमोर, हे आधी मोटार रेसर होते, त्यांनी हाच विचार ऑफिस-कंपन्यांत नेला आणि १९९२ च्या सुमाराला ग्रो नावाची पद्धत सगळीकडे पोचवली. गोल, रिअॅलिटी, ऑप्शन्स, विल. म्हणजे काय हवंय, आत्ता काय आहे, काय काय करता येईल, आणि यातलं तू नक्की काय करणार, कधी.

कागदावर हे फार साधं वाटतं पण प्रत्यक्षात बसलात की घाम फुटतो. माझा गोल ठरलेलाच होता, अजून चार खोल्या, एसीवाल्या, बँक लोन द्यायला तयार, आजूबाजूला सगळ्यांनी वाढवल्यात. मॅडम म्हणाल्या, मागच्या वर्षीचं बुकिंगचं रजिस्टर घेऊन बसा आणि मला महिन्यामहिन्याने वाचून दाखवा. मी वाचत गेले. मे फुल, दिवाळी फुल, नाताळ ते ३१ डिसेंबर फुल, लाँग वीकेंड बरे, आणि बाकी पानंच्या पानं दोन-दोन खोल्यांवर. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या, ती शांतता इतकी लांबली की शेवटी मीच बोलले की मॅडम मला खोल्या नकोयत, मला मे महिन्यात एकदा तरी वेळेवर बसून जेवायचंय. हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही, मी हे नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. त्यानंतर ऑप्शन्स लिहायला लावले, आणि चार लिहून मी थांबले की त्यांचा प्रश्न ठरलेला, "अजून काय?" सातवा-आठवा ऑप्शन जो निघतो ना तोच कामाचा असतो.

दुसरी पद्धत मला सगळ्यात जास्त लागू पडली ती दहापैकी मार्क द्यायची. धंद्यात दीर भागीदार आहेत, पण किचन आणि बुकिंगचा फोन दोन्ही माझ्याच गळ्यात, आणि भावोजींशी हा विषय काढायचा म्हणजे पोटात गोळा. मॅडमनी विचारलं, त्यांच्याशी बोलायची तयारी दहापैकी किती? मी म्हटलं चार. मला वाटलं विचारतील एवढी कमी का. त्यांनी विचारलं, "चार कशी, दोन का नाही?" मग मला सांगावं लागलं की भावोजी समजूतदार आहेत, माझ्या बाळंतपणात त्यांनी एकट्यांनी सगळं सांभाळलेलं, वगैरे. हे बोलता बोलता माझं मलाच कळलं की मी उगाच घाबरतेय. गणपतीच्या आधी बोलले. "वहिनी, आधी सांगायचं ना," एवढंच म्हणाले, आता बुकिंगचा फोन त्यांच्याकडे आहे. रात्रीच्या जेवणाची ऑर्डर संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची असा बोर्ड लागलाय आणि रात्री साडेदहाला गाडीतनं उतरून सुरमई फ्राय मागणाऱ्याला आम्ही नम्रपणे पिठलं-भात देतो. लोन घेतलं नाही.

आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची निम्म्याहून जास्त वाडी झोपली. सुपारी परत उभी राहायला किती वर्षं जातात ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका सेशनला तो विषय निघाला आणि मला रडू आवरेना, वारा सुटला की अजून झोप लागत नाही हेही सांगितलं. मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की हे माझ्या कामात बसत नाही, यासाठी कौन्सेलर किंवा डॉक्टरशी बोला, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास. मी फोन केला, मराठीत बोलता आलं. कोचला स्वतःची हद्द माहीत असणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि जो कोच डिप्रेशनपण घालवतो म्हणून सांगतो त्याच्या वाटेला जाऊ नका.

कारण आपल्याकडे कोच म्हणून बोर्ड लावायला कुठलंही सरकारी लायसन लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून संस्था आहे, १९९५ पासूनची, त्यांचं सर्टिफिकेट आहे का ते विचारा. त्यांची पहिली पायरी एसीसी, तिला ६० तास ट्रेनिंग आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, वरच्या पीसीसीला १२५ आणि ५००. आमच्या मॅडम पीसीसी आहेत. नुसतं सर्टिफिकेट म्हणजे सगळं असं नाही, पण निदान कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकलेत एवढं कळतं. पहिल्या कॉलला तेच जास्त बोलत असतील तर तिथेच थँक्यू म्हणा.

न आवडलेलं पण लिहिते. वर्कशीट सगळी इंग्रजीत, ती मराठीत का नसावीत? माझ्यासारखीला प्रश्न समजून घेण्यातच अर्धा वेळ जातो. सेशन चोवीस तास आधी कॅन्सल केलं नाही तर पूर्ण पैसे कापतात, आता कोकणात जुलैमध्ये लाइट कधी जाणार हे आदल्या दिवशी कोण सांगणार, एकदा माझे असे गेले आणि त्यावर त्या बधल्या नाहीत. फीसुद्धा छोट्या धंद्याला जडच आहे.

निवास-न्याहारी योजनेची नोंदणी, जीएसटी, रेट किती लावायचा, असलं काही अडलं असेल तर कोचकडे जाऊ नका, सीएकडे जा नाहीतर जुन्या होमस्टेवाल्याला विचारा, ते स्वस्तात पडेल. माहिती सगळी आहे पण पाऊल उचलत नाही अशी अवस्था असेल तर जरूर घ्या, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. घ्यायचं तर पावसाळ्यातच घ्या, सीझनला डोकं ठिकाणावर नसतं, आणि रेंज नसेल तर व्हिडिओचा हट्ट नको, साध्या फोनवरही सेशन घेतात, आधी सांगून ठेवायचं.