मरोळची खोली की आखातातला फ्लॅट

गोव्याच्या वैमानिकाला मुंबई बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर) काय आणि आखातातला बेस काय, दोन्ही परगावच. पुण्या-मुंबईचे मित्र परदेशी कंपनीचा विचार करतात तेव्हा त्यांच्या एका पारड्यात घर असतं. आपल्या दोन्ही पारड्यांत भाड्याची जागा. डिचोलीच्या घराहून मोपाचा विमानतळ, मोपाहून मुंबई, तिथून अंधेरीच्या गर्दीतून मरोळची खोली, यात माझे पाच तास सहज जायचे. जुन्या दाबोळी विमानतळाच्या काळात त्याहून जास्त. कुठ्ठाळीला जुन्या जुवारी पुलाच्या तोंडाशी अडकलं की विमान गेलंच समजायचं, आणि सकाळच्या वेळात नौदलाच्या सरावामुळे नागरी विमानंच कमी. आज आखातातून थेट विमान मिळालं तर दारापासून दारापर्यंत मला सात-आठ तास लागतात. फरक दोन-तीन तासांचा. ‘लांब जायचं’ म्हणताना एवढं ध्यानात असू द्या.

माझा हिशेब आधी सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठून आला ते कळेल. बारा वर्षं मुंबई बेसवर ए-३२० उडवलं, त्यातली शेवटची सात डाव्या सीटवर, म्हणजे कॅप्टन म्हणून. २०२३ च्या जुलैपासून आखातातल्या एका कंपनीत वाइडबॉडीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर आहे, उजव्या सीटवर, पुन्हा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक). खांद्यावर चार पट्ट्या होत्या, त्या तीन झाल्या. घरी बाबांना हे समजावताना पंचाईत झाली. ‘विमान मोठं आहे ना, मग पट्टी कमी कशी?’ यावर माझ्याकडे अजूनही नीट उत्तर नाही.

पट्टीचं दुःख महिनाभर टिकतं. हाताचं दुःख टिकून राहतं. लांब पल्ल्याच्या उड्डाणावर तीन-चार वैमानिक असतात आणि लँडिंग एकच. महिन्याला दोन-तीन लँडिंग वाट्याला आली तर नशीब. ए-३२० वर तेवढी एका दिवसात व्हायची. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगचा नियम मी इथे फक्त परीक्षेपुरता पाठ केला होता. तिथे तो पुरा करायला लोक सिम्युलेटरला जातात. ज्याला विमान हाताने उडवण्याची ओढ आहे त्याने वाइडबॉडीपेक्षा तिथल्याच एखाद्या नॅरोबॉडी (ए-३२० सारखी लहान विमानं उडवणाऱ्या) कंपनीत थेट कॅप्टन म्हणून प्रयत्न करावा. फक्त मग रात्री दोनला निघून सकाळी कोची, तिथून लगेच परत, हे जमलं पाहिजे.

वाइडबॉडीसाठी देश सोडावाच लागतो हे पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. एअर इंडियाची ए-३५० जानेवारी २०२४ पासून उडताहेत. त्याच कंपनीची २०२३ ची ४७० विमानांची ऑर्डर आणि इंडिगोची ५०० ची, या दोन आकड्यांवरूनच कळतं की येत्या काळात कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, इथे लवकर मिळेल. आज तिशीतला फर्स्ट ऑफिसर असतो तर मी आधी इथे डावी सीट मिळवली असती, मग बाहेर पाहिलं असतं. तिथे उजव्या सीटवरून डाव्या सीटवर जायला किती वर्षं लागतील हे कंपनी नवी विमानं कधी घेते यावर असतं, आणि तो भविष्यवेध मुलाखतीत सगळेच गोड करून सांगतात.

जायचंच ठरलं तर नोटीस. २०१७ पासून डीजीसीए या सरकारी विमान-नियामकाच्या नियमाप्रमाणे राजीनाम्यानंतर कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने काम करावं लागतं. परदेशी कंपनीला माणूस तीन महिन्यांत हवा असतो. माझ्या कंपनीने थांबायची तयारी दाखवली. ओळखीतल्या दोघांच्या ऑफर मात्र नोटीस संपायच्या आत गेल्या, आणि तोवर इथला राजीनामा दिलेला. म्हणून जॉइनिंगची तारीख पुढे सरकवायचं लेखी आल्याशिवाय राजीनाम्याला हात लावू नका. लॉगबुकवरचे कंपनीचे शिक्के आणि परवान्याची पडताळणी ही कामं मात्र राजीनाम्याच्या आधीच उरकावीत. नंतर ऑफिसात कोणी ओळख दाखवत नाही.

पैशांवर फार लिहीत नाही, कारण आकडे तुम्ही माझ्या आधी काढलेले असणार. दोनच गोष्टी. अमिरातींत वैयक्तिक आयकर नाही आणि दिरहम डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर नव्वदीपार गेला तेव्हा डिचोलीतल्या घराचा हप्ता न मागता हलका झाला. आणि जायचं तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागायच्या आत. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस १८२ च्या खाली राहिले तर त्या वर्षापासूनच अनिवासी धरलं जातं. भारतातला लेओव्हर, म्हणजे ड्युटीवरचा मुक्काम, तोही त्या मोजणीत येतो, हे विसरू नका. उलट बाजूला घरभाड्याचा भत्ता पुरतो, शाळेचा पुरेलच असं नाही. शिवाय माझ्या बायकोने म्हापशातली अनुदानित शाळेतली कायमची नोकरी सोडली. पेन्शनसकट. पगाराच्या कुठल्याच तक्त्यात हा रकाना नसतो, आणि आमच्या घरात तो अधूनमधून उघडला जातो.

आता ज्यामुळे मी निघालो ते सांगतो. कारण ऐकायला क्षुल्लक आहे: होम स्टँडबाय.

तुम्हाला माहीत आहेच, स्टँडबायच्या दिवशी घरी थांबायचं, फोन आला की आमच्याकडच्या नियमाप्रमाणे दीड तासात विमानतळावर हजर. यातला ‘होम’ हा शब्द मुंबईच्या माणसासाठी आहे. माझं होम डिचोलीला, आणि स्टँडबाय मरोळला, चार वैमानिकांनी मिळून घेतलेल्या दोन खोल्यांत. एक कॉट, भिंतीला खिळा, खिळ्याला इस्त्री केलेला युनिफॉर्म. सकाळी सहापासून अंघोळ करून बसायचं. लांब जायचं नाही, सिनेमाला बसायचं नाही, गाढ झोपायचं नाही. डबा यायचा तो उघडताना सुद्धा फोन मांडीवर. उड्डाण असेल तर थकवा येतो पण काम केल्याचा असतो. हा थकवा कशाचा ते बायकोला फोनवर सांगता यायचं नाही. ‘आज काय केलंस?’ ‘काही नाही.’ रोज खरंच तेच उत्तर.

जुनी डायरी काढून एक महिना मोजला. सप्टेंबर २०२१: स्टँडबाय सात दिवस, बोलावणं एक. म्हणजे सहा दिवस मी दोन खोल्यांची राखण केली. त्या वर्षी गणपतीची चवथ १० सप्टेंबरला होती आणि त्या दिवशी मी स्टँडबाय. घरी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधताना व्हिडिओ कॉल लावला, पण दोन मिनिटांत बंद केला, कारण कंपनीचा फोन आला तर लागायला हवा. दिवसभरात फोन एकदाच वाजला. क्रेडिट कार्डवाला होता.

बरं, एवढ्यावर भागत नाही. स्टँडबाय रात्री संपणार, तोवर गोव्याचं शेवटचं विमान गेलेलं. दुसऱ्या दिवशी स्टाफ तिकिटावर जागा उरली तर दुपारपर्यंत घरी. परवा सकाळी सहाचं रिपोर्टिंग असेल तर उद्या संध्याकाळीच परत निघायचं. रोस्टरवर दोन दिवसांची सुट्टी छापलेली असायची, मला ती सव्वा दिवसाची मिळायची. पावसाळ्यात विमानतळावर ढग उतरला की तीही नाही. मग मधेच रोस्टर बदलून यायचं आणि सुट्टीच्या जागी पुन्हा ‘स्टँडबाय’. वाद घालून उपयोग नसे, नियमात बसत असे ते सगळं.

नियम पुढे बरे झाले हे मान्य करायला हवं. २०२५ मध्ये दोन टप्प्यांत नवे उड्डाण-वेळेचे नियम लागू झाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला ते पेलले नाहीत, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि तिला काही काळ सवलत द्यावी लागली. तरी दिशा बरोबर आहे. ४८ तास सलग असतील तर डिचोलीला निदान एक अख्खा दिवस मिळतो. हे २०२१ मध्ये असतं तर मी कदाचित निघालो नसतो. कदाचित.

आखातात काय वेगळं आहे? आमच्या कंपनीत स्टँडबाय दर महिन्यात शिंपडलेला नसतो. वर्षातून एखाद-दुसरा महिना अख्खाच राखीव असतो. तो महिना वाईट जातो. पण बाकीच्या महिन्यांत रोस्टर एकदा लागलं की सहसा हलत नाही, आणि राखीव महिन्यातही मी असतो तिथेच घर असतं. मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडतो, भाजी निवडतो, फोन खिशात. ‘होम’चा अर्थ मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळला, तोही परमुलखात. प्रत्येक आखाती कंपनीत असंच असेल असं मी म्हणणार नाही. मित्रांकडून वेगळंही ऐकलं आहे. म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय का?’ म्हणतात तेव्हा कमांडचं विचारू नका. स्टँडबाय किती, कसा, आणि लागलेलं रोस्टर कोण बदलू शकतं, हे विचारा.

तिथली दुखणीही सांगायला हवीत, नाहीतर मी भरतीवाला वाटेन. आखाती विमानतळांची खरी वर्दळ रात्रीची, म्हणून शरीराचं घड्याळ कायम उसवलेलं. जून ते सप्टेंबर घराबाहेर पाऊल टाकवत नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे मेडिकल फसलं तर परवाना, घर आणि मुलीची शाळा एकाच पत्राने जाऊ शकतात. २०२० मध्ये आखातातून कितीतरी वैमानिक कमी झाले. पण इथे तरी शाश्वती कुठे होती? जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. फरक एवढाच की इथे नोकरी गेली तर माणूस आपल्या पडवीत बसून दुसरी शोधतो.

रजा वर्षाला सहा आठवडे, पण बिड लावून, म्हणजे हव्या त्या तारखांची मागणी भरून, आणि वर्षभर आधी. चवथ तिथीने सरकते, बिडला इंग्रजी तारीख लागते; पंचांग घेऊन बिड भरणारा आमच्या तुकडीत मी एकटाच असेन. तीन चवथींपैकी एक मिळाली, २०२४ ची. मुंबईतला हिशेब याहून फार बरा नव्हता. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. मुंबईहून त्याच संध्याकाळी पोचलो असतो. तिथे मुंबईचं पारडं निर्विवाद जड आहे.

आपल्याकडे तिसरी एक वाट निघते, तिचं दोन ओळींत. घरात पोर्तुगीज काळातले जन्मदाखले असले की कोणीतरी युरोपचं सुचवतंच. पासपोर्ट घेतला तर भारतीय नागरिकत्व जातं, आणि युरोपीय परवान्यासाठी तेरा पेपर पुन्हा द्यावे लागतात. सासष्टीतल्या एका मित्राने दिले, आता तिकडे सुखात आहे. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने हवामानशास्त्राचा पेपर पुन्हा लिहावा असं मला तरी वाटलं नाही.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या. बायको-मुलं बरोबर येणार असतील तर आखात. ती डिचोलीतच राहणार असतील तर मुळीच जाऊ नका. मरोळची खोली सोडून तशीच खोली वाळवंटात घेतल्यासारखं होईल, वर समुद्र मधे. लग्न व्हायचं असेल तर आधी इथे कमांड घ्या. आणि कुठली कंपनी गोव्यात बेस देत असेल, तर वरचं सगळं विसरा आणि मलाही कळवा.

मरोळची माझी कॉट आता पेडण्याच्या एका पोराकडे आहे, फर्स्ट ऑफिसर, दोन वर्षं झाली. त्याला बाहेरची ऑफर आली आहे. परवा फोन करून पगार विचारत होता, टॅक्स विचारत होता. मी म्हटलं, ते सगळं सांगतो, आधी सांग, या महिन्यात स्टँडबाय किती?

‘आठ, दादा.’

‘आणि बोलावलं किती वेळा?’

तो जरा थांबला. ‘आजचा सहावा आहे. अजून तरी नाही. दादा, ठेवतो हां, लाइन मोकळी असायला हवी.’