स्टँडअप पाहायला ओटीटी : घरात माणसं पाच, आवडीही पाच

सबस्क्रिप्शन आम्ही घेतलं ते खरं तर सिनेमांसाठी. पण गेल्या हिवाळ्यापासून आमच्या भुसावळच्या घरात रविवारी रात्रीची जेवणं आटोपली की स्टँडअप (एकट्याने माइकवर उभं राहून केलेली कॉमेडी) लागतं आणि आता तेच जास्त पाहिलं जातं. शाळेतल्या दोन मैत्रिणींनी विचारलं की घरच्यांसोबत बसून बघण्यासारखं असतं का गं, पैसे वसूल होतात का, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पैसे वसूल होतात, हे आधीच सांगून टाकते. पण कोणता कॉमेडियन चांगला असं विचाराल तर आमच्याकडे एक उत्तर नाही, नाना (सासरे, रेल्वेच्या लोको शेडमधून रिटायर), आई (सासूबाई), नवरा, मी आणि पुण्याहून सुट्टीला येणारा इंजिनिअरिंगवाला भाचा, पाच जणांची पाच मतं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

सुरुवात झाकीर खानपासून झाली, कारण मला तो आवडतो. 'हक से सिंगल' २०१७ चं, ते आम्ही नवरा-बायकोने आधीच मोबाईलवर पाहिलेलं होतं, घरच्यांना मी २०२२ चं 'तथास्तु' लावून दिलं. त्यात तो आजोबांबद्दल बोलतो, उस्ताद मोइनुद्दीन खान, सारंगीवादक. माणूस इंदूरचा, आणि इंदूर आपल्याकडच्या लोकांना परकं कुठे आहे, रावेर सोडलं की बऱ्हाणपूर, तिथून मध्य प्रदेशच सुरू, कुणाची बहीण तिकडे दिलेली, कुणाचा काका नोकरीला. आई पाचच मिनिटांत म्हणाल्या, "हा तर आपल्या बऱ्हाणपूरच्या जावयासारखा बोलू राहिला." नाना मात्र काहीच बोलले नाहीत. आजोबांचा भाग सुरू झाला तसा त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला, सुपारी तशीच अर्धी कातरलेली, आणि संपेपर्यंत परत उचलला नाही. हसले फार नाहीत पण उठलेही नाहीत, नाहीतर साडेनऊला झोपणारा माणूस.

भाच्याला हे अजिबात पटत नाही. त्याचं म्हणणं, "मामी, हे स्टँडअप नाही, हे कीर्तन आहे. दहा मिनिटं झाली, जोक किती झाले सांग." मी म्हटलं कीर्तनात काय वाईट आहे, बुवा हसवतातच की, आख्यान लावून, माणसाला धरून ठेवून, आणि मग एकदम डोळ्यांत पाणी आणतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाकीरने हिंदीत शो केला, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये लोक जोक मोजायला आले नसतील ना. पण भाच्याचा मुद्दाही मी नंतर नीट समजून घेतला कारण त्याने मला अभिषेक उपमन्यू दाखवला.

उपमन्यू फास्ट आहे. फास्ट म्हणजे किती, तर पहिल्या वेळी मला निम्मं कळलंच नाही, दुसऱ्यांदा लावला तेव्हा लक्षात आलं की याच्या बोलण्यात एक शब्द फालतू नाही, एका वाक्यावर तुम्ही हसत असता तोवर त्याचं पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. भाच्याला तेच पाहिजे. तो म्हणतो मला कॉमेडियनमध्ये माझं घर बघायचं नाहीये, घर तर घरीच आहे, मला बघायचंय की साध्या गोष्टीतून हा माणूस असं वाकडं कुठून काढतो. हे मला मान्य आहे, मेहनत दिसते. पण त्याला ऐकताना मी कौतुक करते, आणि झाकीरला ऐकताना मला माझा भाऊ आठवतो, आता या दोन्हीला सारखे मार्क कसे देणार. (उपमन्यूचं बरंचसं यूट्यूबवर फुकटच आहे, त्याच्यासाठी वेगळे पैसे भरू नका.)

नवऱ्याचा माणूस बस्सी. अनुभव सिंग बस्सी, कायदा शिकलेला, हॉस्टेलचे किस्से सांगतो, २०२३ चं 'बस कर बस्सी' आमच्याकडे तीनदा झालं. याचा एक किस्सा वीस-वीस मिनिटं चालतो आणि त्यात फार काही घडतही नाही, चार मित्र, एक भानगड, एवढंच. नवरा धुळ्याला हॉस्टेलवर राहून शिकलेला, तो किस्सा ऐकता ऐकता स्वतःचाच किस्सा सांगायला लागतो आणि आम्हाला पॉज करावं लागतं. मला बस्सी ठीक वाटतो, गोष्ट सांगायची ढब मस्त आहे पण बाई आली की ती नेहमी गोष्टीच्या कडेलाच उभी असते, मुख्य धमाल सगळी पोरांचीच. नवऱ्याला हे बोलले तर तो म्हणाला तू फार विचार करतेस. विचार करते, कारण मीही बीएडला हॉस्टेलवरच होते आणि तिथेही कमी भानगडी झालेल्या नाहीत. कॉमेडियन उरूज अश्फाकला २०२३ मध्ये एडिनबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये बेस्ट न्यूकमर मिळालं, तिचे व्हिडिओ मी एकटीने पाहते आणि पाहताना कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, बरं वाटतं.

आईंचं वेगळंच. त्यांना हे उभं राहून माइकवर स्वतःबद्दल बोलणंच फारसं रुचत नाही, त्या म्हणतात, "स्वतःचंच काय सांगू राहिला, सोंग कर ना." त्यांच्यासाठी कॉमेडी म्हणजे राजू श्रीवास्तव. २००५ ला 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत दोनच घरी केबल होती आणि सगळे तिथे जमायचे असं त्या सांगतात. ती स्पर्धा जिंकला सुनील पाल, आपल्या हिंगणघाटचा, पण आईंच्या लक्षात राहिला तो राजूने रंगवलेला गजोधर. राजू २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गेला तेव्हा त्या दिवसभर जुने व्हिडिओ लावून बसल्या होत्या. मी मुद्दाम त्यांच्यासोबत बसून पाहिलं तर कळलं त्या काय म्हणतात ते. हा माणूस मान तिरकी करतो, ओठ जरा मुडपतो आणि तिथे दुसरंच कुणीतरी उभं असतं. शिवी नाही, कुणाचा अपमान नाही. आजच्या स्टँडअपमध्ये शिव्या फार असतात ही आईंची तक्रार आहे आणि ती मला खोटी वाटत नाही, जेवणं झाल्यावर सासू-सासऱ्यांसमोर बसून दर मिनिटाला शिवी ऐकणं अवघड जातं, रिमोट हातातच धरून बसावं लागतं. म्हणून घरच्यांसोबत पाहणार असाल तर सुरुवातीला जे वय आणि भाषेचं लिहून येतं ते वाचा, आम्ही आता वाचतो. अमित टंडनचं २०१९ चं 'फॅमिली टंडन्सीज' त्या मानाने निर्धास्त लावता येतं, पोरांचा अभ्यास, लग्नाला झालेली वर्षं, असलं घरगुती. आई त्यातल्या त्यात त्याला हसतात.

इंग्रजीवाले आमच्याकडे एकटा भाचा पाहतो. वीर दासच्या 'लँडिंग'ला २०२३ चं इंटरनॅशनल एमी (टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळालं म्हणून सगळ्यांनी बसून पाहायचं ठरलं, नानांसाठी सबटायटल लावले, आणि तिथेच गडबड झाली. सबटायटलमध्ये अख्खं वाक्य एकदम येतं. कॉमेडियन अजून थांबलाय, पाण्याचा घोट घेतोय, लोकांना ताटकळत ठेवतोय, आणि खाली शेवटचा शब्द लिहून आलेला असतो. नाना आधी वाचून मोकळे व्हायचे, मग टीव्हीतले लोक हसायचे, मग नाना विचारायचे, "आता काय झालं?" हा सबटायटलचा सगळीकडचाच प्रश्न आहे. थांबणं हीच ज्याची कला तिथे वाचून भागत नाही. वीर दास मला आवडला, जड विषय हलक्या हाताने धरतो, पण आमच्या हॉलमध्ये तो पाचही जणांपर्यंत पोहोचला नाही, त्यात त्याचा दोष नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. दिवाळीनंतर आम्ही पुण्याला गेलो होतो, भाच्याने ओपन माइकला नेलं, म्हणजे जिथे नवखेही स्टेजवर येऊन आपली कॉमेडी करून बघतात. कॅफेचं नाव लिहीत नाही. छोटी जागा, चाळीसेक खुर्च्या, प्रत्येकाला पाच मिनिटं, एक मिनिट उरलं की मागून मोबाईलचा टॉर्च दाखवतात, मग आवरायचं. एक मुलगा आला, आपल्याकडचाच, दुसऱ्याच वाक्यात "मी विचार करू राहिलो होतो" म्हणाला आणि लोक हसले. जोक अजून आलाच नव्हता. लोक हसले ते "करू राहिलो"ला. तो एक क्षण गडबडला, माइकच्या वायरला बोटाने वळसा दिला, आणि मग त्याने काय केलं असेल, तर तेच वाढवलं. मले, तुले, काय करू राहिला, पुढची चार मिनिटं तेवढंच, आवाज बदलून, गावंढळ करून, आणि हशा मिळत गेला. टॉर्च लागला तेव्हा तो खूष होता. भाचा म्हणाला सेट (म्हणजे त्याची ती पाच मिनिटं) चालला. नाना गाडीत बसेपर्यंत गप्प होते, मग एवढंच म्हणाले, "आपण रोज असंच बोलतो, त्यात हसण्यासारखं काय होतं?"

मला रात्री झोप लागली नाही नीट. त्या मुलाला मी दोष देत नाही, पाच मिनिटं असतात, घाबरलेला असतो, जिथे हशा मिळाला तिथेच माणूस जाणार. पण फरक मला तिथे कळला. झाकीर इंदूरची हिंदी बोलतो तेव्हा लोक इंदूरच्या हिंदीला हसत नाहीत, तो त्या हिंदीत जे सांगतो त्याला हसतात.

नानांकडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट होती. प्रा. लक्ष्मण देशपांडे, एकटा माणूस, ५२ पात्रं, १९७९ पासून प्रयोग करायचे, सगळी भाषा मराठवाड्याची. भुसावळला परत आल्यावर नानांनी स्वतःहून ती मागितली. कॅसेट काही चालली नाही, टेप चिकटली होती, मी टीव्हीवर यूट्यूबला लावून दिलं. नानांचं अर्धंअधिक पाठ आहे, आवाज येण्याआधी त्यांचे ओठ हलतात. आणि काय सांगू, आई हसल्या, नवरा हसला, आणि जो भाचा जोक मोजतो तो लोडाला टेकून मोठ्याने हसत होता, मग म्हणाला, "मामी, हा माणूस स्वतःच्या बोलीला हसत नाहीये." बरोब्बर तेच.

मराठीत नवीन काय असं विचाराल तर भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) आहे, २०१६ पासून यूट्यूबवर, सारंग साठ्ये आणि मंडळी, मराठीत स्टँडअप लोकांपर्यंत नेण्यात त्यांचा मोठा वाटा. मी आवडीने पाहते. पण तिथली मराठी बहुतेक पुण्या-मुंबईची, तिथल्या सोसायट्या, तिथल्या आई-वडिलांचे स्वभाव. आईंना विचारलं कसं वाटलं तर म्हणाल्या छान आहे, पाहुण्यांकडे गेल्यासारखं वाटतं.

आणि आमच्याकडच्या ओटीटी ॲपवर अहिराणीत मला एकही स्टँडअप सापडलं नाही. लेवा बोलीतही नाही. सर्चमध्ये खान्देश टाकून पाहिलं तर भलतंच काहीतरी येतं. माझं माहेर अमळनेरचं, तिथे लग्नघरी हळदीच्या रात्री माझी एक मावशी नातेवाइकांच्या नकला करते, डोक्यावरचा पदर फक्त थोडा मागे-पुढे करून सात बायका उभ्या करते. त्यातली एक, जी प्रत्येक लग्नात जेवायला नको म्हणते, "माले भूक नही वं माय, पन दोन मांडा बांधी दे, घर लई जासू." ज्या बाईची नक्कल असते ती समोरच बसलेली असते आणि सगळ्यात जास्त तीच हसते. हे मी कुठल्याच स्क्रीनवर पाहिलं नाहीये अजून.

तर घ्यायचं असेल तर घ्या, हिंदी कळत असेल तर पाहायला भरपूर आहे, हॉलमध्ये मोठी माणसं असतील तर टंडन नाहीतर 'तथास्तु'ने सुरुवात करा, सबटायटल बंद ठेवा, आणि राजू श्रीवास्तव, उपमन्यू, भाडिपा यूट्यूबवरच पाहा. येत्या मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे अमळनेरला. मावशीला फोन करून विचारलं रेकॉर्ड करू का, तर म्हणाली कर पण ज्यांच्या नकला आहेत त्यांना आधी दाखव. आईंनी आत्तापासून सांगून ठेवलंय की त्या रविवारी रिमोट त्यांच्याकडे.