बोईसरचा एमआयडीसी भूखंड की वाड्याची एनए जमीन?

कारखान्यासाठी बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत) भूखंड बघायला निघालेल्या माणसाला घरचे पहिल्यांदा अणुभट्टीबद्दल विचारतात. माझ्या यादीत तो प्रश्न चौथा-पाचवा असता. तरी आधी तोच उरकून घेऊ.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, ५४० मेगावॉटच्या दोन २००५-०६ मधल्या. प्रकल्पाला लागून साधारण दीड किलोमीटर वस्तीला बंदी. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीपायी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठलीच. पाच किलोमीटरपर्यंत गावं आपसूक वाढतील तेवढी वाढू द्यायची, बाहेरून माणसं ओढणारं काही आणायचं नाही. सोळा किलोमीटरपर्यंत आणीबाणीचा आराखडा, तो जिल्हा प्रशासनाच्या हाती. आणि याच सोळाच्या आत सरकारनेच कारखान्यांना भूखंड देऊन बोईसरला गावाचं शहर केलं!

वाडा तालुका या वर्तुळांच्या बराच बाहेर आहे. पण विम्याचा मुद्दा कुणी काढला तर लक्षात ठेवा, आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत अणुअपघात वगळलेलाच असतो, कारखाना बोईसरला असो की वाड्याला. ‘प्रकल्प शेजारी, म्हणजे वीज स्वस्त’ हाही भ्रम. ती वीज ग्रिडमध्ये जाते, तुमचं बिल महावितरणचंच.

आता जमीन. एमआयडीसीची जमीन विकत मिळत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. बोईसरला आज बहुतेक व्यवहार जुन्या भूखंडाच्या हस्तांतरणाचे. भूखंड सत्तरच्या दशकात दिलेला असेल तर निम्मी मुदत सरली, हे दलाल आपणहून सांगणार नाही. हस्तांतरणाचं शुल्क, गहाण ठेवायला महामंडळाची संमती, पोटभाड्याने द्यायचं तर पुन्हा परवानगी. बदल्यात मालकीचा वाद जवळपास नसतो, बांधकामाचा नकाशाही महामंडळच मंजूर करतं.

वाड्यात एनए, म्हणजे बिगरशेती केलेली, जमीन तुमच्या नावावर होते, पुढे विकायला कुणाला विचारावं लागत नाही. मात्र सातबारा वकिलाकडून मागेपर्यंत चाळून घ्या. आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि अशा जमिनी या भागात भरपूर. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं की तिथेच थांबा. भिवंडी-वाडा रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. ट्रक भरून एकदा पावसाळ्यात जाऊन या.

खरा निर्णय पाण्यावर होतो, येणाऱ्या आणि जाणाऱ्या. बोईसरला सूर्या नदीचं पाणी एमआयडीसी नळाने देते. वाड्यात बहुधा बोअरवेल, आणि कारखान्यासाठी भूजल उपसायचं तर वेगळी परवानगी. इथवर बोईसर पुढे.

जाणाऱ्या पाण्याचं मात्र उलट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशातला सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्टा ठरलं. नवापूरच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या सांडपाण्याबद्दल मच्छीमार समाज हरित लवादाकडे गेला. २०२२ मध्ये लवादाने सीईटीपीला (कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) आणि शंभरावर कारखान्यांना भरपाई भरायला सांगितली. म्हणजे शेजाऱ्याने रात्री नाल्यात काय सोडलं, याचा ताप तुमच्याही कन्सेंटला, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या संमतीला, होऊ शकतो. स्फोटांचंही तसंच. जानेवारी २०२० मध्ये इथल्या एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात माणसं गेली. बोईसरला घाबरायचंच असेल तर शेजारच्या कारखान्यातल्या रासायनिक रिअ‍ॅक्टरला घाबरा, अणुभट्टीला नंतर.

फॅब्रिकेशन, पॅकिंग, असेंब्ली असं कोरडं काम असेल, कच्चा माल भिवंडीकडून येत असेल आणि सातबारा स्वच्छ निघाला, तर मी वाडा घेईन. कामगार लोकलने येणारे हवे असतील तर बोईसर. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, आणि वाड्याला रेल्वेच नाही. वाढवण बंदराच्या नावावर कुणी बोईसरचा भाव चढवत असेल तर त्याच्याशी घासाघीस करा. भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालंय, जहाज लागायला वेळ आहे.

औषधं, रंग, कापडाची प्रोसेसिंग असं भरपूर पाणी लागणारं ओलं काम असेल तर बोअरवेलच्या भरवशावर वाड्याचा विचार सोडा. बोईसरलाही टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून तीन कागद मागा: मूळ भाडेपट्टा, चालू कन्सेंट आणि सीईटीपीत रोज किती पाणी सोडायची मुभा आहे त्याचं पत्र. तिसरा कागद ‘नंतर देतो’ म्हणाला, तर चहा पिऊन उठा.