गणपतीपुळ्याचं बुकिंग: एकदा सोलापुरात फसलो, दुसऱ्यांदा फाटकापाशी

2024च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे नऊ जण सोलापुरातून गणपतीपुळ्याला गेलो आणि त्या एका सहलीत दोनदा फसलो. पहिल्या वेळी 22,800 रुपये गेले, दुसऱ्या वेळीही तेवढेच. पहिल्यासारखी फसवणूक पुष्कळांनी ऐकलेली असते. दुसरी कशी होते ते आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब सांभाळते. आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, समुद्र पाहिलेला नव्हता. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर सगळं झालेलं, पण मोठं पाणी म्हणाल तर सिद्धेश्वराचा तलाव आणि उजनी. गुडघ्याचं ऑपरेशन येऊन ठेपलेलं, त्याआधी एकदा नेऊन आणू असं ठरलं. भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी होती. नणंदा ओवाळून गेल्या की सोमवारी पहाटे निघायचं, मंगळवारी गणपतीचं दर्शन घ्यायचं. दीर, जाऊबाई, दोघांची चार मुलं, आम्ही दोघं आणि आत्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर खोल्या शोधायला लागलो तर सगळीकडे एकच उत्तर, फुल्ल. जिथं मिळत होत्या तिथं एका खोलीचे चार-साडेचार हजार सांगत होते. नकाशाच्या अ‍ॅपवर एक ठिकाण सापडलं. समुद्रासमोर, घरगुती जेवण, खोली 2,200 रुपये, चाळीसेक लोकांनी भरभरून चांगलं लिहिलेलं. ते सगळे अभिप्राय एकाच आठवड्यातले होते, हे मी नंतर पाहिलं. तारखा तिथंच होत्या, तेव्हा नजर फक्त भावावर होती.

फोन उचलणारा माणूस अतिशय नम्र होता. मी सहज म्हणाले की सासूबाईंचे गुडघे दुखतात, तर लगेच म्हणाला, "ताई, आजींना जिना नको, खालची खोली ठेवतो. कमोड आहे, दाराला पायरीसुद्धा नाही." त्या एका वाक्यावर आमचं ठरलं. आपणच सांगितलेली अडचण तो आपल्याला उत्तर म्हणून परत देतोय, हे त्या क्षणी कळत नाही. माणूस काळजीचा आहे असंच वाटतं.

तीन खोल्या, तीन रात्री, 19,800 रुपये. निम्मे आधी भरले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, मुंबईची एक पार्टी पूर्ण पैसे देऊन खोल्या मागतेय, तुमचं नाव पक्कं करायचं तर उरलेले आजच टाका. तेही टाकले. मग 3,000 रुपये अनामत, जाताना परत मिळणारी. पैसे पाठवताना फोनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या मॅनेजरचं खातं आहे." व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्डाचा फोटो आला, उद्योग नोंदणीचा दाखला आला, जीएसटी लावलेलं बिल आलं. इतके कागद आले की शंका घ्यायलाच संकोच वाटला.

सोमवारी पहाटे चारला निघालो. मंगळवेढा, सांगोला, मिरजेत चहा, कोल्हापुराच्या पुढं आंबा घाट. महामार्गाचं रुंदीकरण चाललेलं, त्यामुळं जागोजागी एकेरी वाहतूक. साखरपा, पाली, हातखंबा करत निवळी फाट्यावरून आत वळेपर्यंत दुपारचे साडेतीन वाजून गेले. शेंगाचटणी, कडक भाकरी, दही सगळं संपलेलं, धाकटा दोनदा ओकलेला, आत्यांचे पाय सुजलेले. विधानसभेची आचारसंहिता लागलेली होती आणि 50,000च्या वर रोकड सापडली की कागद दाखवावे लागत, म्हणून रोख पैसे मोजकेच घेतलेले. सगळी मदार फोनवर.

पाठवलेल्या ठिकाणाचा नकाशा आम्हाला एका बंद फाटकाशी घेऊन गेला. आत आंबा, काजू आणि कुलूप लावलेलं एक जुनं घर. शेजारच्या अंगणातून एक काकू आल्या. त्यांना फोटो दाखवले तर त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडचं घरच नव्हे. कुठं एक चिरा तरी दिसतोय का?" कोकणात कुंपणापासून भिंतीपर्यंत जांभ्या दगडाचे चिरे असतात. आमच्या फोटोत एकही नव्हता. त्या दिवशी असं फसून तिथं येऊन उभं राहिलेलं आमचं हे दुसरं कुटुंब होतं, आमच्याआधी एक येऊन गेलेलं.

आता यापुढचं नीट वाचा.

मी त्यालाच फोन लावला. आम्ही सगळ्यांनी हीच चूक केली, आणि तो त्याच फोनची वाट बघत होता असं मला आज पक्कं वाटतं. त्यानं पहिल्या रिंगला उचलला. ओशाळल्यासारखा बोलत होता. "ताई, हात जोडतो, काल रात्री वायरिंग जळालं, खोल्या बंद ठेवल्यात. तुमचे सगळे 22,800 आत्ता परत करतो. आजींना उन्हात उभं करू नका." आजींची आठवण ठेवली म्हणून त्याही वेळी मला थोडं बरं वाटलं. खरं तेच सांगते.

माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्यूआर कोड आला. माझ्या फोनची बॅटरी संपत आलेली, म्हणून भाऊजींनी तो त्यांच्या फोनवरून स्कॅन केला. रक्कम आधीच भरलेली, 22,800, खाली 'रिफंड' असा शब्द. तो फोनवर घाई करत होता, "पिन टाका, दोन मिनिटांत लिंक बंद होईल." भाऊजींनी पिन टाकला. मेसेज आला, खात्यातून 22,800 रुपये वजा.

त्यावरही तो शांतच. म्हणाला, "उलटं झालं वाटतं साहेब. परत एकदा करा, दोन्ही एकदम जमा होतील." भाऊजींचं बोट परत पिनवर गेलं होतं. जाऊबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो, थांबा. पगार जमा होतो तेव्हा तुम्ही पिन टाकता का?"

या एका प्रश्नानं तिसरी रक्कम वाचली. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला लागतो. घ्यायला कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करतो तो पैसे देणारा. भाऊजी रोज दुकानात स्कॅन करतात, त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण बारा तासांच्या प्रवासानंतर, रडणाऱ्या पोरांसमोर, गेलेले पैसे परत येतायत असं कुणी सांगितलं की माहीत असलेलंही आठवत नाही.

फोन बंद करून आम्ही 1930 लावला. तोवर वीस मिनिटं झाली असतील. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच क्रमांक आहे. त्यांनी बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला आणि तक्रार क्रमांक दिला. पुढचा तपशील, स्क्रीनशॉट वगैरे, रात्री सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर भरले. भाऊजींनी त्यांच्या बँकेलाही कळवलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं काढून टाकावं असं रागाच्या भरात माझ्या मनात आलं होतं. ते ठेवलं हे फार बरं झालं, पुढं तेच कामी आलं.

काकूंनी त्यांच्या भावकीत दोन खोल्या मिळवून दिल्या. नऊ जण दाटीवाटीनं राहिलो, जेवणाला वरण-भात आणि सोलकढी. मंगळवारी दर्शन झालं. तिथला डोंगरच देव मानतात, त्याची साधारण एक किलोमीटरची प्रदक्षिणा आत्यांना झेपणारी नव्हती. मुलं जाऊन आली. आत्या देवळासमोर वाळूत बसून राहिल्या, लाट पायाशी आली की हात जोडायच्या.

सोलापुरात परतल्यावर सायबर पोलिसांकडे गेलो. भाऊजींच्या पैशांपैकी 17,500 पुढच्या खात्यात गोठवले गेले होते. ते न्यायालयाच्या आदेशानं मार्चमध्ये परत आले. माझे पहिले 22,800 मात्र गेलेच, कारण ते त्याच दिवशी एटीएममधून काढले गेले होते आणि आम्ही तक्रार केली ती जवळजवळ तीन आठवड्यांनी. एकाच माणसानं केलेल्या दोन फसवणुकींत एवढाच फरक, एका तक्रारीला वीस मिनिटं लागली, दुसरीला वीस दिवस.

तक्रारीसाठी कागद लावताना मी ते बिल पहिल्यांदा नीट वाचलं. जीएसटी 18 टक्के लावलेला. त्या वेळी 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 12 टक्के होता. आणि जीएसटी क्रमांक सुरू होत होता 08नं. महाराष्ट्राचे क्रमांक 27नं सुरू होतात, 08 राजस्थानचा. मी रोज शेकड्यानं बिलं बघते, 27 माझ्या डोळ्यांत बसलेला आहे. पण ते बिल माझ्यासाठी हिशेबाचा कागद नव्हताच, सुट्टीला जायची परवानगी होती. मी फक्त आमची नावं आणि तारखा पाहिल्या. बिल आलं की तो पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा, कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. पैसे पाठवायच्या आधी फोनवर येणारं नाव ठिकाणाशी जुळत नसेल तर तिथंच थांबा.

आता आमच्या घरात खोली ठरवायची तर मी आधी व्हिडिओ कॉल मागते. फाटकापासून चालत खोलीपर्यंत या आणि वाटेत पाटी दाखवा, असं सांगते. खऱ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. मेमध्ये मालवणच्या एका बाईंनी तर खोलीबरोबर गोठा आणि म्हैसही दाखवली. गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान त्यांच्याच संकेतस्थळावरून ठरवावं, किंवा संस्थानच्या भक्तनिवासात चौकशी करावी. आणि दारात जाऊन फसल्याचं कळलं तर पहिला फोन 1930ला करा. त्या माणसाला करू नका, शिव्या द्यायलासुद्धा नको.

आमच्या घरी हे सांगायची बरेच दिवस चोरी होती. भाऊजींनी मित्रांना सांगितलंच नाही, "लोक हसतील." त्यांच्याच कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं नाताळच्या सुट्टीसाठी खोली बघितली आणि फोटो त्यांना दाखवायला आणले. तेच घर, तीच खाट, तोच पडदा. नाव वेगळं, गाव दिवेआगर, नंबर नवा. पैसे अजून भरले नव्हते. त्या दिवशी भाऊजींनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो नवा नंबर आम्ही संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरच्या 'चक्षू'वर, म्हणजे संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या सोयीवर, कळवला, नकाशावरच्या त्या जागेचीही तक्रार केली. चार दिवसांनी ती जागा तिथून गेली. मोठी सुट्टी जवळ आली की मी अजून तो फोटो शोधते.