बोटीवरच्या घराला वीज: पवनचक्की घ्यावी की सोलर वाढवावं?

शिडाची बोट घेऊन कॅरिबियनमध्ये एक-दोन हंगाम राहायचं ठरवलं की विजेचा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो. मरीनात, म्हणजे बोटी भाड्याने बांधायच्या धक्क्यावर, बोट बांधली तर किनाऱ्यावरून केबल ओढता येते, पण रोजचं भाडं भरून वर्षभर मरीनात राहणं बहुतेकांना परवडत नाही. नांगरावर राहायचं तर वीज आपली आपणच करायची. आजूबाजूच्या बोटींवर मागच्या बाजूला खांबावर फिरणाऱ्या छोट्या पवनचक्क्या दिसतात. इथे वारा बारा महिने वाहतो आणि तो फुकट आहे, मग घेऊन टाकू, असं मनात येणं साहजिक आहे.

माझं मत आधीच सांगतो. चक्कीचा निर्णय माहितीपत्रकातल्या वॅटच्या आकड्यावर घेऊ नका. तुम्ही रात्री नांगर कुठे टाकता, त्यावर घ्या. एकच यंत्र एका खाडीत घर चालवतं आणि शेजारच्या खाडीत नुसतं वजन होऊन बसतं.

हिशेबासाठी ३६ ते ४० फुटांची बोट, दोन माणसं आणि ग्रेनाडा ते अँटिग्वा हा बेटांचा पट्टा धरू. घरच्या लाइट बिलावरचं युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास, हेच माप इथेही वापरू. १२ व्होल्टचा फ्रिज उष्ण हवेत दिवसाला अर्धं ते पाऊण युनिट खातो. दिवे, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप, रात्रीचा नांगर-दिवा, सगळं मिळून आणखी साधारण अर्धं. खरा फरक पडतो तो इंटरनेटने. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकची नेहमीची तबकडी ५० ते ७५ वॅट घेते. ती चोवीस तास चालू ठेवली तर एकट्या तिचंच सव्वा ते पावणेदोन युनिट होतं. छोटी मिनी तबकडी २० ते ४० वॅटमध्ये भागवते, आणि कामाचे तास संपल्यावर ती बंद करायची सवय लावली तर खर्च आणखी उतरतो. एकूण गरज दीड ते अडीच युनिटांची. समुद्राचं पाणी गोड करणारं यंत्र असेल तर त्याचं वेगळं धरा.

आता सोलर. या पट्ट्यात दिवसाला साधारण पाच तास भर उन्हाचे धरता येतात. बोटीवरची पॅनेलं आडवी असतात, तापतात, आणि डोलकाठीची, बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची), दोरांची सावली त्यांच्यावर फिरत राहते. हे सगळं वजा करून ४०० वॅटची पॅनेलं रोज दीड युनिटाच्या आसपास देतात. सावलीचं मात्र गांभीर्याने घ्या: पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली छोटी सावलीही उत्पादन बरंच खाली आणते. म्हणून सगळी पॅनेलं एकाच कंट्रोलरला जोडण्यापेक्षा प्रत्येकाला किंवा निदान दोन्ही बाजूंना वेगळा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलांतून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा) असावा. त्याशिवाय सोलरला ना आवाज, ना फिरणारा भाग, आणि दर आठवड्याला मीठ पुसण्यापलीकडे काही देखभाल नाही.

वाऱ्याचं गणित वेगळं चालतं. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट, निम्मा झाला की एक अष्टमांश. शिवाय त्यातली सगळी पकडता येत नाही. आल्बर्ट बेट्झने १९१९ मध्ये दाखवून दिलं की कुठलीही चक्की ५९.३ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि बोटीवरची छोटी यंत्रं प्रत्यक्षात पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आसपास घुटमळतात. १.२ मीटर व्यासाचं पात्यांचं चक्र धरा. ८ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर) वाऱ्यात ते जेमतेम १२-१३ वॅट देईल. १० नॉटला पंचवीसेक, १२ ला पंचेचाळीस, १५ ला नव्वद, आणि २० नॉटला दोनशेच्या घरात. बॉक्सवर ३५० किंवा ४०० वॅट छापलेलं असतं ते खोटं नसतं, फक्त ते फार जोराच्या वाऱ्याचं असतं. सुपरविंड ३५० चं उदाहरण घ्या. त्याचे ३५० वॅट हे १२.५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे साधारण २४ नॉट वाऱ्याचे आहेत. रोज २४ नॉट वारा लागणाऱ्या खाडीत तुम्ही मुक्काम करणार नाही.

अडचण इथेच आहे. नांगरासाठी चांगली जागा म्हणजे आडोशाची जागा. तिथे रात्री झोप लागते, डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, कोरड्या कपड्यांनी किनाऱ्यावर जाता येतं. तोच आडोसा चक्कीची उपासमार करतो. सेंट लुशियात दोन पिटॉन सुळक्यांच्या खाली बोटी बोयाला (तळाशी बांधलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधतात. वारा पूर्वेचा, तुम्ही पश्चिमेला, मध्ये अख्खा डोंगर. तिथे चक्कीकडे दहा मिनिटं नीट बघा. ती स्तब्ध उभी असते. मग डोंगरावरून एक झोत खाली येतो, शेपटी गर्रकन फिरते, पाती वेग घेतात, आणि वीज बनायला लागेपर्यंत झोत दुसऱ्याच दिशेने येऊ लागतो. चक्की पुन्हा तोंड फिरवते. बॅटरीच्या मीटरवर आकडा उमटतो आणि विझतो. अशा फिरत्या वाऱ्यात यंत्राचे बेअरिंग झिजतात, वीज मात्र नावापुरती मिळते.

तिथून दक्षिणेला टोबॅगो केज या छोट्या बेटांच्या पुंजक्यात या, चित्र पूर्ण उलटं. बोटी हॉर्सशू रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकाच्या, मागे उभ्या राहतात. लाटा रीफवर फुटतात, पण वाऱ्याला अडवायला समोर काहीच नाही. पूर्वेला थेट आफ्रिकेपर्यंत उघडा अटलांटिक. बोटीचं तोंड सतत वाऱ्याकडे, वारा एकसारखा, पाणी शांत. इथे १५ नॉटचा पूर्वीय वारा दिवसरात्र वाहिला तर चक्की एकटी दोन युनिटांच्या आसपास देते, आणि त्यातली निम्मी रात्री, जेव्हा सोलर झोपलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत तिथले नावाडी ज्याला ख्रिसमसचे वारे म्हणतात ते २५ नॉट आणि वर जातात. त्या दिवसांत ढगही असतात, सोलर निम्म्यावर येतं, आणि चक्कीचं खरं मोल तेव्हा कळतं. ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काही खाड्या, अँटिग्वाच्या पूर्वेकडची नॉनसच बे, अशा रीफमागच्या किंवा बसक्या टेकड्यांच्या जागा ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी चक्की शहाणपणाची खरेदी आहे. पण बेक्वेचा अ‍ॅडमिरल्टी बे, कॅरियाकूचा टायरेल बे अशा पश्चिमेकडच्या आडोशात महिनेच्या महिने घालवायचे असतील तर सरासरी वारा १० नॉटच्या आसपास धरा. मग दिवसाला अर्धं-पाऊण युनिट हाती येईल. तेवढं सोलरचं दीडशे-दोनशे वॅटचं एक जादा पॅनेल देतं, आणि पैशात कितीतरी स्वस्त पडतं.

पैशाचंही ढोबळ सांगतो. चक्की, तिचा रेग्युलेटर, खांब, आधाराचे दांडे आणि जाड केबल मिळून दीड ते तीन हजार युरो सहज लागतात. ४०० वॅटची कडक पॅनेलं आणि कंट्रोलर त्याच्या अर्ध्यात किंवा त्याहून कमीत होतात. पॅनेल बसवायला स्टीलची कमान नव्याने करावी लागली तर हिशेब बदलतो, पण ती कमान डिंगी टांगायलाही उपयोगी पडते.

प्रवासात काय होतं, हाही प्रश्न येतो. बेटाबेटांमधून उत्तर-दक्षिण जाताना वारा बाजूने येतो, चक्की चांगली चालते. अटलांटिक ओलांडताना मात्र ती निराश करते. कॅनरी बेटांतल्या लास पालमासहून सेंट लुशियाला जाणाऱ्या २,७०० सागरी मैलांत वारा पाठीमागून असतो. वारा १८ नॉट, बोट ६ नॉट, म्हणजे चक्कीला जाणवतो फक्त १२. घनाच्या हिशेबाने वीज तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येते. नेमकं त्याच वेळी ऑटोपायलट दिवसरात्र वीज खात असतो. अशा लांब पल्ल्यासाठी बोटीमागे पाण्यात सोडायचा हायड्रोजनरेटर फार सरस. पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून अधिक घन, त्यामुळे छोटासा पंखाही भरपूर देतो. वॅट अँड सी ही फ्रेंच कंपनी या यंत्रांसाठी नावाजलेली आहे. ती सुरू करणारा यानिक बेस्तावेन पुढे २०२०-२१ ची वांदे ग्लोब ही एकट्याने जगप्रदक्षिणा करायची शर्यत जिंकला. ५ नॉट वेगाला साधारण शंभरेक वॅट, तेही चोवीस तास. पण नांगर टाकला की त्याची वीज शून्य, आणि किंमत चक्कीहून जास्त. वर्षातले अकरा महिने नांगरावर काढणाऱ्याने तो घेऊ नये.

आवाजाबद्दल विक्रेते कमी बोलतात, म्हणून मी जास्त बोलतो. चक्की फिरते तेव्हा पात्यांचा आवाज हवेत जातो आणि खांबाची थरथर बोटीच्या सांगाड्यात उतरते. खांब मागच्या केबिनच्या वर असेल, आणि बहुतेक बोटींत तो तिथेच असतो, तर वीस नॉटच्या पुढे उशीला कान लावला की घुमणं ऐकू येतं. खांबाखाली रबराचे बूट आणि दोन तिरके आधार दिले तर बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. जुन्या तीन पात्यांच्या यंत्रांनी या धंद्याचं नाव खराब केलं; डी४०० सारखी पाच पात्यांची यंत्रं जड आहेत पण बरीच शांत. घेण्याआधी ज्या बोटीवर तेच मॉडेल आहे तिथे वाऱ्याच्या रात्री तासभर बसून या. शेजाऱ्याच्या झोपेचाही विचार करा. खाडीत आवाज पाण्यावरून लांब जातो.

सुरक्षितता हा भाग वाचून सोडून देऊ नका. सोलरला जोडणी तोडली तर काही होत नाही. चक्कीला मोकळं सोडलं, म्हणजे बॅटरीपासून तोडलं, तर तिच्यावरचा भार जातो, पाती बेफाम फिरतात आणि व्होल्टेज वर जातं. म्हणून बॅटरी भरली की जादा वीज जिरवायला डंप लोड लागतो. लिथियम बॅटरी असेल तर आणखी जपावं लागतं. तिचा बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) धोका वाटला की बॅटरी क्षणात तोडतो, आणि तेव्हा चक्की जोरात असेल तर तो व्होल्टेजचा धक्का रेग्युलेटरपासून चार्टप्लॉटरपर्यंत (समुद्री नकाशा दाखवणाऱ्या यंत्रापर्यंत) काहीही जाळू शकतो. चक्कीचा रेग्युलेटर लिथियमला चालणारा आहे का, बॅटरी तुटली तर वीज कुठे जाणार, आणि ब्रेकचा स्विच कॉकपिटमधून हाताशी येतो का, या तीन गोष्टींची लेखी खात्री करून घ्या. पाती डेकपासून हात वर केलेल्या उंच माणसालाही लागणार नाहीत एवढी वर हवीत. कार्बनची पाती हाताचं बोट कापतात, हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

वादळाच्या मोसमाचंही धरा. १ जुलै २०२४ ला बेरिल हे चक्रीवादळ चौथ्या श्रेणीचं होऊन कॅरियाकूवर आदळलं आणि टायरेल बेमधल्या खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटींचीही दैना झाली. अशा वेळी शिडं, पॅनेलं, पाती, सगळं उतरवावं लागतं. ज्या यंत्राची पाती साध्या पान्याने अर्ध्या तासात निघत नाहीत ते यंत्र मी घेणार नाही.

इतर ठिकाणांबद्दल थोडक्यात. भूमध्य समुद्रात उन्हाळ्यात सोलरच पुरतं. ग्रीसच्या एजियनमध्ये जुलै-ऑगस्टचा मेल्टेमी वारा चक्कीला भरपूर खाऊ घालतो, पण तेव्हा ऊनही कडक असतंच. इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत (लांबट, अरुंद बोटीत) राहणाऱ्यांना हिवाळ्यात चक्कीचा मोह पडतो, कारण डिसेंबरात ४०० वॅटची पॅनेलं दिवसाला दीड-दोन दशांश युनिट दिली तरी खूप. पण कालवा झाडांत, घरांत, खोलगटात असतो. तिथे चक्कीच्या उंचीला वारा पोचतच नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किंवा कॉर्नवॉलच्या उघड्या खाडीत मूरिंगवर (तळाशी कायम बसवलेल्या नांगराला बांधून) हिवाळा काढणाऱ्याला मात्र मी चक्की आधी आणि पॅनेल नंतर असं सांगेन.

आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्याचं विचारणारेही आहेत. ऑक्टोबर ते मे इथे दुपारनंतर वायव्येचा खारा वारा १०-१५ नॉटपर्यंत येतो, रात्री पडतो, पहाटे हलका मतलई. म्हणजे चक्की दिवसातले चार-पाच तासच कामाची, आणि तेही ऊन असतानाचे. जोराचा वारा पावसाळ्यात, तेव्हा छोट्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात; पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंदच असते. मांडवीत किंवा जयगड-विजयदुर्गच्या खाडीत राहायचं असेल तर सगळे पैसे सोलर आणि बॅटरीवर लावा.

निर्णय घ्यायच्या टप्प्यावर असाल तर माझा क्रम असा. आधी खर्च कमी करा: फ्रिजला जाड इन्सुलेशन, एलईडी, छोटी तबकडी. मग बोटीवर सावलीविना बसतील तेवढी पॅनेलं, बहुतेक ४०० ते ६०० वॅट. मग २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे अडीच युनिटांचा साठा. ती रात्र आणि एखादा ढगाळ दिवस निभावते, आणि चक्कीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा, रात्रीची वीज, बराचसा ती एकटीच सोडवते. एवढं करून एक हंगाम काढा. ज्या खाड्यांत रमलात तिथे हातातल्या वारामापकाने कॉकपिटवर हात उंच करून सकाळ, दुपार आणि मध्यरात्री वारा मोजा आणि वहीत लिहा. मध्यरात्रीचा आकडा वारंवार १२ नॉटच्या वर येत असेल, आणि इंजिन नुसतं बॅटरीसाठी आठवड्यातून दोन-तीनदा चालवावं लागत असेल, तर चक्की घ्या. दहाच्या खाली असेल तर घेऊ नका. स्टीलची कमान करून घेताना खांबाचा जोड आणि केबलची नळी आधीच टाकून घ्या. त्या वेळी खर्च नगण्य असतो, आणि पुढे चक्की घ्यायची ठरली तर कमान पुन्हा उतरवावी लागत नाही.