टिर्झेपेटाइडचा आठवा महिना: शंभरातले किती ते कळलं, त्यात आपण कुठले?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, मालवणात हार्डवेअरचं दुकान आहे. टिर्झेपेटाइड म्हणजे वजन उतरवायचं, आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन. वय ४६, गेल्या जुलैत ते सुरू केलं तेव्हा वजन १०४ किलो, शुगर नाही, बीपीची गोळी चालू. आता ९०.५. वजनाचं सगळेच सांगतात म्हणून ते इथेच सोडतो. मला साइड इफेक्टवर लिहायचंय, कारण सुरू करायच्या आधी दोनच गोष्टी कानावर आल्या, एक केमिस्ट म्हणाला काय होत नाय बिनधास्त घ्या, आणि फॅमिली ग्रुपवर आलं की पित्ताशय जातं, स्वादुपिंड सुजतं, आतडी बंद पडतात. आता यातून माझं काय होणार ते कसं कळायचं?

मुलगी बीएस्सीला आहे, तिने या औषधाच्या, २०२२ ला छापलेल्या सर्माउंट-१ ट्रायलचे आकडे काढून दिले. २५३९ माणसं, ७२ आठवडे. ५ मिग्रॅवाल्यांत मळमळ २४.६ टक्के. म्हटलं चारातला एक, संपलं. ती म्हणाली बाबा, बाजूचा रकाना वाच ना. ज्यांच्या इंजेक्शनात औषधच नव्हतं त्यांच्यातही ९.५ टक्क्यांना मळमळ! म्हणजे औषधामुळे वाढले ते शंभरात साधारण १५. उलटी ८.३ आणि १.७, बद्धकोष्ठ १६.८ आणि ५.८. त्रासापायी औषध सोडणारे ४.३, आणि बिनऔषधवाल्यांतले २.६. ही वजाबाकी केली आणि मगच पहिली सुई घेतली.

ग्रुपवरचं ते "पित्ताशयाचा धोका दुप्पट" पण तसंच. याच जातीचं दुसरं औषध आहे ना, सेमाग्लुटाइड, त्याच्या २०२१ च्या ट्रायलमध्ये पित्ताशयाचे त्रास २.६ टक्के आणि औषधाविना १.२. दुप्पट खरंच, पण १००० माणसांत १२ च्या जागी २६, एवढंच. भराभर वजन उतरलं की खडे तसेही होतात. पण ज्याला आधीच खडे आहेत त्याने हा आकडा स्वतःला लावू नये. आमच्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन लिहायच्या आधी अर्धा तास नुसतं विचारलं, खडे होते का, स्वादुपिंडाला कधी सूज, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर. माझा मावसभाऊ शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेतो, तो म्हणाला मी पण चालू करतो, तर दोन्ही एकत्र घेतली की त्याला शुगर एकदम खाली जायचा धोका, आणि सर्माउंट-१ मध्ये डायबेटिसवाले घेतलेच नव्हते. त्याला माझा रकाना चालत नाही.

आणि टक्क्यात हे कळत नाही की कधी होणार. २.५ चे चार डोस नुसत्या ढेकरांवर गेले, मी हुशारीत. ५ चा तिसरा डोस पडला गणपतीच्या आदल्या दिवशी (हा शहाणपणा माझाच). दुपारी दोन मोदक खाल्ले, वर तूप, काकी म्हणते, "दोनच? तुका बरा नाय काय रे?" म्हणून तिसरा घेतला. रात्री आरती चालू आणि मी मागीलदारी माडाच्या बुंध्याशी वाकलेला, पोटात सकाळची घावणी पण तशीच होती असं वाटलं. हे औषध पोट उशिरा रिकामं करतं म्हणतात ते तेव्हा समजलं. नंतर बद्धकोष्ठ. टेबलात तो एक शब्द आहे, माझ्याकडे सहा दिवस होते. भूक नाही म्हणून पाणी पण पीत नव्हतो, आणि दुकानात घाम किती जातो ते मालवणच्या माणसाला सांगायला नको. इसबगोल आणि तीन लिटर पाणी, त्यावर सुटलो.

ऑक्टोबरात एका रात्री छातीखाली कळ आली, पाठीपर्यंत. सरळ गाडी काढून कुडाळ. लायपेज (स्वादुपिंडाची रक्ततपासणी) नॉर्मल, सोनोग्राफी साफ, गॅस निघाला. मला लाज वाटली पण डॉक्टर म्हणाले आलात ते बरं केलंत, अशी कळ थांबत नसेल, उलट्या असतील, तर पुढचा डोस न घेता यायचं, आकडा कितीही छोटा असो.

लाइट गेली की फ्रीजचं टेन्शन असतंच. २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, बाहेर ३० च्या खाली २१ दिवस चालतं, पण इथे मे महिन्यात ३० च्या खाली काय असतं, विहीर?

आता डोस वाढवायचा विषय निघालाय. ट्रायलमध्ये ५ वर सरासरी १५ टक्के वजन उतरलं, १० वर १९.५. मळमळ मात्र २४.६ ची ३३.३. म्हणजे साडेचार टक्के वजन जास्त उतरवण्यासाठी शंभरात आणखी नऊ जण मळमळणार, आणि मी मळमळणाऱ्यांतला हे ५ वरच मोदकाने दाखवलंय. डॉक्टरांना म्हटलं सध्या ५ वरच राहूया, शिमगा होऊन जाऊ दे, घरात पुरणपोळ्या आहेत.